शिकता शिकता कमाई : विद्यापीठाच्या आवारातील नोकरीविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांची सत्रे ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात. त्याआधीच्या दोन महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत व्हिसा, विमा आणि सामानाचे वजन यांच्याबरोबर एक विषय हमखास असतो, तो म्हणजे विद्यापीठाच्या आवारातच मिळणारी अर्धवेळ नोकरी, मुलांच्या भाषेत ‘ऑन-कॅम्पस जॉब’. या वेळी अशी पत्रे इतकी आली की संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहोत. बहुतेक पत्रे अमेरिकेसंबंधी आहेत. एक जर्मनीतून आणि एक पुण्यातून आले आहे. पत्रे संक्षेपाने दिली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी नाशिकचा असून येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात संगणकशास्त्राच्या एम.एस.साठी जात आहे. शैक्षणिक कर्ज मंजूर झाले आहे. राहण्या-जेवणाचा खर्च कॅम्पसवरील नोकरीतून सहज निघतो, असे तिथल्या मित्रांनी सांगितल्यामुळे कर्ज कमी घ्यावे, असा वडिलांचा विचार आहे. ही नोकरी खरोखर सहज मिळते का, ती कशी शोधावी आणि तिच्यावर किती विसंबावे?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण वडिलांचा निर्णय त्यावर अडला आहे. या नोकरीच्या भरवशावर कर्जाची मंजुरी कमी करून घेऊ नका. एफ-१, म्हणजे शिक्षणासाठी मिळणाऱ्या, व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आवारात काम करता येते. ही मर्यादा सरासरीने मोजत नाहीत. या आठवड्यात १२ तास झाले म्हणून पुढच्या आठवड्यात २८ तास करता येत नाहीत, आणि दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हींचे तास एकत्र धरले जातात. उन्हाळी किंवा हिवाळी सुट्टीत मात्र, पुढच्या सत्राला तुम्ही शिकणार असाल, तर पूर्णवेळ काम करण्यास मुभा आहे.

आता हिशेब करू. तासाला १२ डॉलर मिळतात असे धरले, तर २० तासांचे आठवड्याला २४० डॉलर होतात आणि दोन सत्रांचे मिळून सुमारे ३२ आठवडे धरले तर वर्षाला ७,६८० डॉलर. लहानशा विद्यापीठगावात चौघांनी मिळून घेतलेल्या घराचे भाडे आणि किराणा यांचा मोठा भाग त्यातून भागू शकेल. बोस्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये भाडेही निघणे कठीण. मजुरीचा दरही राज्यागणिक बदलतो. देशपातळीवरचे किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच थांबले आहे आणि टेक्सासमध्ये कायद्याने तेवढेच बंधनकारक आहे, तर कॅलिफोर्नियात २०२५ साली ते १६.५० डॉलर होते. कॅलिफोर्नियातले घरमालक हा फरक फार काळ विद्यार्थ्याच्या खिशात राहू देत नाहीत, ही गोष्ट वेगळी. शिवाय २० तासांची परवानगी आहे म्हणजे २० तासांचे काम मिळेलच असे नव्हे. आठ-दहा तासांवर समाधान मानावे लागणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, आणि परीक्षा संपून वसतिगृहे रिकामी झाली की भोजनगृहातले कामही आटते.

म्हणून मंजूर रक्कम आहे तशी राहू द्यावी. शैक्षणिक कर्ज बँक एकरकमी देत नाही, सत्रागणिक उचलू देते. नोकरी लागली आणि टिकली, तर दुसऱ्या वर्षीची उचल कमी करणे तुमच्या हातात आहे. याउलट मंजुरीच कमी घेतली आणि नोकरी जानेवारीपर्यंत लागली नाही, तर परदेशात बसून नव्याने कर्जाची खटपट करावी लागेल. व्हिसाच्या वेळी पहिल्या वर्षाच्या खर्चाची जी तजवीज दाखवावी लागते, तिच्यातही अजून न मिळालेली नोकरी धरता येत नाही. अमेरिकी सरकार जे गृहीत धरत नाही, ते आपणही धरू नये.

शोधण्याविषयी. विद्यापीठाचा विद्यार्थी-क्रमांक आणि ई-मेल मिळाला की विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या पोर्टलवर खाते उघडता येते. अनेक विद्यापीठे यासाठी ‘हँडशेक’ हे संकेतस्थळ वापरतात. तिथे काही जाहिरातींवर ‘वर्क-स्टडी’ असा शिक्का दिसेल. ही संघराज्य सरकारची योजना १९६४ च्या एका कायद्यातून सुरू झाली. तिच्यात गरजू विद्यार्थ्याच्या वेतनाचा मोठा हिस्सा सरकार उचलते, मात्र परदेशी विद्यार्थी तिला पात्र नसतात. त्या जाहिराती वगळूनच यादी वाचा, म्हणजे उगाच निराशा होणार नाही. भोजनगृहे, क्रीडागृह आणि ग्रंथालय यांची भरती सत्राच्या आधी आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोरात असते. दुसरी लाट जानेवारीत येते, कारण डिसेंबरमध्ये पदवी घेऊन निघालेल्यांच्या जागा तेव्हा रिकाम्या होतात. नव्या विद्यार्थ्याला वर्ग सुरू होण्यापूर्वी जास्तीत जास्त ३० दिवस आधी काम सुरू करता येते, त्यामुळे थोडे लवकर पोहोचणाऱ्याला फायदा होतो.

आपल्या मुलांची एक सवय इथे आड येते. सीनियर जिथे काम करतात तिथेच सगळे अर्ज करतात. भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात एखाद्या भोजनगृहाच्या व्यवस्थापकाचे नाव फिरते आणि दोन दिवसांत त्याच्याकडे शंभर अर्ज पडतात. सीनियरच्या शिफारशीचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण त्याच वेळी अपंग विद्यार्थ्यांना वर्गातील टिपणे काढून देणारा विभाग, वसतिगृहाचा स्वागतकक्ष, टपालखोली, वाहनतळाचे कार्यालय, संगणक मदतकेंद्र, माजी विद्यार्थ्यांना देणगीसाठी फोन करणारे केंद्र, प्रयोगशाळांचे भांडार या ठिकाणी कोणी फिरकत नाही. दुपारच्या वेळी, हातात बायोडेटा घेऊन, प्रत्यक्ष जाऊन विचारावे. तुमचे विद्यापीठ लहान असेल तर या मार्गाने पोर्टलपेक्षा लवकर काम मिळते, असे मी खात्रीने सांगतो.

बायोडेटा एका पानाचा असावा. त्यावर फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती यांपैकी काहीही घालू नये; तिथे ही माहिती मागत नाहीत आणि दिली तर वाचणारा अवघडतो. महाविद्यालयातील टेक-फेस्टचे आयोजन एका ओळीत आले तरी चालेल, पण दिवाळीत मामांच्या दुकानात गल्ला सांभाळला असेल तर तो अनुभव ठळकपणे लिहा. पैसे मोजणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे येणारा मुलगा त्यांना हवा असतो. सी प्लस प्लस येणारे त्यांच्याकडे ढिगाने आहेत. सोबत आठवड्याचे वेळापत्रक न्यावे, ज्यात तुमचे वर्ग भरून रिकामे तास स्पष्ट दिसतील. व्यवस्थापकाला भरायच्या असतात त्या पाळ्या, म्हणजे सकाळी सहाची, शनिवारची आणि रात्री बंद करण्याची. त्यांपैकी एकीला तयार असलेल्या उमेदवाराचे काम लवकर होते.

टीचिंग असिस्टंट आणि रिसर्च असिस्टंट या जागांचा विषय निराळा आहे. त्यांत वेतनाबरोबर बहुधा फी पूर्ण किंवा अंशतः माफ होते, त्यामुळे आर्थिक चित्रच पालटते, पण एम.एस.च्या विद्यार्थ्यांना त्या कमी मिळतात, कारण विभाग आधी पीएच.डी.वाल्यांची सोय पाहतो. तास घेणाऱ्या जागेसाठी अनेक विद्यापीठे इंग्रजी बोलण्याची वेगळी चाचणीही घेतात. तरीही प्रयत्न सोडू नये. पहिल्या सत्रात एखाद्या विषयात चांगली श्रेणी मिळवून त्याच प्राध्यापकांकडे पुढच्या सत्रासाठी उत्तरपत्रिका तपासनीसाची, म्हणजे ‘ग्रेडर’ची, जागा मागणे हा सर्वांत चालणारा रस्ता आहे. चाळीस प्राध्यापकांना ‘आदरणीय महोदय’ने सुरू होणारे एकच पत्र पाठवण्यापेक्षा ज्यांच्या वर्गात तुम्ही पहिल्या बाकावर बसता, त्यांच्या भेटीच्या तासाला जाणे बरे.

नोकरी मिळाल्यावर कागदपत्रांचा एक क्रम आहे. देणारा विभाग नोकरीचे पत्र देतो. त्यावर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातील अधिकारी, म्हणजे ‘डीएसओ’, आपले पत्र जोडतो. ही दोन पत्रे, पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र) आणि आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद) घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात क्रमांकासाठी, म्हणजे पगार आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी ओळखक्रमांकासाठी, अर्ज करायचा. अमेरिकेत उतरल्यावर किमान दहा दिवस थांबून मग जावे, नाहीतर तुमची नोंद त्यांच्या संगणकावर दिसत नाही आणि हेलपाटा होतो. क्रमांक हाती येण्याआधीही काम सुरू करता येते. कामाच्या पहिल्या दिवशी आय-९ हा, काम करण्याची परवानगी असल्याचा, फॉर्म भरावा लागतो आणि तीन कामकाजी दिवसांत मूळ कागद दाखवावे लागतात. पासपोर्ट दुसऱ्या गावी मित्राच्या घरी ठेवून आलेल्यांची इथे अडचण होते. हा क्रमांक एकदाच मिळतो आणि जन्मभर तोच राहतो, पुढे बँक, घरभाडे आणि पहिले क्रेडिट कार्ड या सगळ्यांत तो लागतो.

आणखी एक सूचना. सत्राच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या ई-मेलवर एखाद्या प्राध्यापकाच्या नावाने ‘घरबसल्या सहायक हवा, आठवड्याला चारशे डॉलर’ अशी पत्रे येतात. मुलाखत नसते, भेट नसते. एक चेक येतो, तो खात्यात भरून त्यातील काही रक्कम दुसरीकडे पाठवायला किंवा गिफ्ट कार्डे विकत घ्यायला सांगतात. चेक काही दिवसांनी परत येतो आणि पाठवलेले पैसे तुमचे गेलेले असतात. खरी नोकरी देणारा कधीही तुमच्या खात्यातून पैसे फिरवत नाही.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत, ओहायो राज्यात, एम.एस. करत असून विद्यापीठाच्या डायनिंग हॉलमध्ये काम करते. एका कौटुंबिक कार्यक्रमात तिच्या वडिलांना कोणीतरी म्हणाले, ‘चाळीस लाख खर्चून मुलीला भांडी घासायला पाठवलं का?’ त्यांना ते फार लागले. तिने हे काम सोडावे, असे ते म्हणतात. ती ऐकत नाही. मी काय करावे? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुलीचे बरोबर आहे.

तुम्ही कोल्हापूरच्या आहात, म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या आवारातले विद्यार्थी भवन तुमच्या माहितीचे असेल. तिथे काम करून आपला राहण्या-जेवणाचा भार उचलत शिकलेली माणसे तुमच्या जिल्ह्यात जागोजागी भेटतील. या परंपरेचे मूळ कर्मवीर भाऊराव पाटलांपर्यंत जाते, आणि कर्मवीरही तुमच्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले. त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपण करत. महात्मा गांधींनी १९२७ साली त्याला भेट दिली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्या संस्थेचे वाक्य भिंतीवर लिहिलेले आपण सगळ्यांनी वाचले आहे. ते साताऱ्यात गौरवाचे आणि ओहायोत कमीपणाचे कसे ठरेल, हे त्या पाहुण्यांना विचारावेसे वाटते. जयप्रकाश नारायण १९२० च्या दशकात अमेरिकेत शिकत असताना द्राक्षांच्या बागेत राबले आणि उपाहारगृहात बशाही धुतल्या. अमेरिकेतही या कामाला कोणी हिणवत नाही. केंटकी राज्यातले बेरिया कॉलेज १८५५ साली सुरू झाले. ते विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नाही, पण प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम करावेच लागते, मग तो कोणाचाही मुलगा असो.

आता ते काम प्रत्यक्ष कसे असते, ते सांगतो, कारण इथे बसून आपल्या डोळ्यांसमोर मोरीपाशी उकिडवी बसलेली मुलगी येते. मोठ्या भोजनगृहात वापरलेले ट्रे सरकत्या पट्ट्यावरून आत येतात. एक जण उरलेले अन्न पाण्याच्या झोताने पन्हळीत ढकलतो, दुसरा ताटल्या, वाट्या आणि पेले वेगवेगळ्या जाळ्यांत उभे करतो, जाळी यंत्रात जाते आणि पलीकडून वाफाळत बाहेर येते. हात पोळू नये म्हणून तिथला तिसरा जण जाड हातमोजे घालून ती उचलतो. पायांत न घसरणारे बूट लागतात, केसांना जाळी लागते. दर पाळीला जागा बदलत राहतात, त्यामुळे आज पट्ट्यावर असलेली मुलगी उद्या सॅलडच्या काउंटरवर किंवा दारात कार्ड तपासायला असते. बऱ्याच ठिकाणी पाळीबरोबर एक वेळचे जेवण मिळते, आणि परदेशात एकटीने स्वयंपाक करणाऱ्या मुलीला त्याचे मोल पगाराइतकेच असते. वर्षभर टिकलेल्या मुलांना विद्यार्थी-पर्यवेक्षक करतात. पाळ्या लावणे, न आलेल्याची जागा ऐनवेळी भरणे, चिडलेल्या सहकाऱ्याची समजूत काढणे ही कामे मग तिची होतात. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘तुम्ही माणसे कधी सांभाळली आहेत का’ असे विचारले, की तिच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असेल.

या कामाचा खरा लाभ पैशापलीकडचा आहे. आवारात अर्धवेळ काम करणारी मुले शिक्षण अर्धवट सोडण्याचे प्रमाण कमी असते, असे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ साली आपल्या ‘विद्यार्थी सहभागा’च्या सिद्धान्तात मांडले होते, आणि त्यामागचे कारण साधे आहे. आवारात काम करणाऱ्याचा अधिक वेळ विद्यापीठातच जातो आणि इतर विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी यांच्याशी त्याचा रोजचा संबंध राहतो. आवाराबाहेर पूर्णवेळ राबणाऱ्यांच्या बाबतीत हे उलटे घडते. तुमची मुलगी मराठी आणि तेलुगू मैत्रिणींबरोबर राहत असेल, वर्गातही बव्हंशी भारतीयच असतील. डायनिंग हॉल ही कदाचित एकमेव जागा असेल जिथे ती ओहायोच्या खेड्यातल्या मुलाशी, मेक्सिकन स्वयंपाकिणीशी आणि साठीतल्या व्यवस्थापक बाईंशी रोज बोलते. तिचे इंग्रजी तिथे सुटते. आजारी पडली तर पाळीवर आली नाही म्हणून पहिला फोन तिथूनच येतो.

काम सोडायला सांगण्याची योग्य कारणेही आहेत, ती तिला शांतपणे विचारा. रात्री बारापर्यंत बंद करण्याची पाळी असेल आणि परतताना बस नसेल, पाठ किंवा मनगट दुखत असेल, किंवा श्रेणी घसरत असेल तर तास कमी करावेत किंवा ग्रंथालयासारखे बसून करायचे काम शोधावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला श्रेणींची सरासरी चारपैकी ३.० च्या खाली जाणे बहुतेक ठिकाणी परवडत नाही. पाहुणे काय म्हणाले, हे मात्र त्या कारणांत बसत नाही. तिच्या वडिलांनी तिला एकदा व्हिडिओ कॉलवर ते भोजनगृह दाखवायला सांगावे. पुढच्या कार्यक्रमात उत्तर त्यांचे त्यांनाच सुचेल.

प्रश्न : माझा रूममेट शनिवार-रविवार एका ओळखीच्या भारतीय गृहस्थांच्या दुकानात रोखीने काम करतो. मलाही त्यांनी बोलावले आहे. कॅम्पसवर अजून काही मिळालेले नाही. थोडे दिवस केले तर काय बिघडेल?

उत्तर : करू नका. एफ-१ विद्यार्थ्याने परवानगीशिवाय आवाराबाहेर काम करणे हा स्थलांतर कायद्याचा सरळ भंग आहे. इतर काही चुकांमुळे, उदाहरणार्थ विषय कमी घेतल्यामुळे, विद्यार्थ्याचा दर्जा गेला तर तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. विनापरवाना काम केलेल्याला ती वाटही बंद होते. रोखीने घेतले म्हणून ते काम ठरत नाही, असे नाही. आणि मालकाने पैसे बुडवले तर तुम्ही तक्रार करायला जाल का, याचे उत्तर त्या गृहस्थांनाही माहीत असते. अशा ठिकाणी ठरलेल्यापेक्षा कमी मजुरी पडते ती याच कारणाने.

कायदेशीर मार्ग आहेत, पण ते वेळ घेतात. आवारातील पुस्तकांचे दुकान किंवा कॅफे बाहेरच्या कंपनीचे असले, तरी ते आवारातच असून विद्यार्थ्यांना सेवा देत असेल तर तिथले काम आवारातील नोकरीतच मोडते. ही सवलत अनेकांना ठाऊक नसते आणि तिथे अर्ज करायचे राहून जाते. अभ्यासक्रमाशी निगडित प्रशिक्षणाची, म्हणजे सीपीटीची, परवानगी साधारणपणे एका शैक्षणिक वर्षानंतर मिळते. अनपेक्षित आर्थिक संकट कोसळले, समजा घरातला कमावता माणूस गेला, तर एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर स्थलांतर खात्याकडे आवाराबाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. यांपैकी कशासाठीही आधी डीएसओला भेटा. भारतातल्या कंपनीचे काम अमेरिकेत बसून लॅपटॉपवर करण्याविषयीही काही वाचकांनी विचारले आहे. त्यांनाही माझे सांगणे हेच आहे, आधी डीएसओला भेटा.

प्रश्न : मी जर्मनीत मास्टर्स करत आहे. इथे १४० दिवसांची मर्यादा आहे असे कळले. विद्यापीठातील ‘हिवी’ची नोकरी केली तर ते दिवस त्यात मोजतात का?

उत्तर : नाही. मार्च २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, पूर्वी हे १२० आणि २४० होते. विद्यापीठातील विद्यार्थी-सहायकाचे काम, ज्याला तिथे सगळे ‘हिवी’ म्हणतात, या मर्यादेबाहेर ठेवलेले आहे. तरी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला त्याची कल्पना द्यावी. हिवीच्या जागा अमेरिकेसारख्या एका पोर्टलवर फारशा सापडत नाहीत; संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा दारावरच्या फलकावर कागद लावलेला असतो, आणि जर्मन थोडे तरी येत असेल तर त्यांतील अर्ध्याअधिक जागा तुम्हाला वाचता तरी येतात. दुकानात अथवा गोदामात त्याच पैशासाठी दिवस खर्च करण्यापेक्षा हे काम केव्हाही चांगले, कारण प्रबंधाचा मार्गदर्शक बहुधा तिथेच भेटतो.

प्रश्न : मी पुण्यात एम.ए. करते आणि वसतिगृहात राहते. ‘कमवा व शिका’मधून ग्रंथालयात काम मिळत आहे. एका खासगी क्लासमध्ये उत्तरपत्रिका तपासण्याचे काम याहून जास्त पैशांचे आहे. काय निवडावे?

उत्तर : पैशाची निकड किती आहे, यावर पहिला निर्णय करा. घरी पैसे पाठवावे लागत असतील तर क्लासचे काम घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ही योजना कर्मवीरांच्याच नावाने विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. तिचे मानधन खर्चाला हातभार लावण्यापुरते असते आणि ते खात्यावर कधी जमा होईल हे बिलांच्या प्रवासावर अवलंबून राहते, त्यामुळे मेसचे बिल त्या तारखेवर ठेवू नये. हजेरीपुस्तकात रोजची सही मात्र न चुकता करा. महिन्याच्या शेवटी एकदम केलेल्या सह्यांवरून बिले अडतात.

निकड तितकी नसेल तर ग्रंथालय घ्या. मी हे पुस्तकप्रेमापोटी सांगत नाही. एम.ए.नंतर तुम्हाला नेट-सेट, पीएच.डी. किंवा स्पर्धा परीक्षा यांपैकी काहीतरी करायचे असेल. परत आलेली पुस्तके वर्गांकाप्रमाणे कपाटात लावताना आपल्या विषयाचे कोणते पुस्तक कुठे आहे, कोणते सतत बाहेर जाते आणि कोणत्या जुन्या अंकांची बांधणी तळघरात पडून आहे, हे हाताला कळू लागते. संदर्भ विभागातील ग्रंथपालांशी ओळख झाली की प्रबंधासाठी लागणारे नियतकालिक शोधायला तुम्हाला आठवडा लागणार नाही. शिवाय कामाची वेळ वर्गांच्या मधल्या तासांत बसते आणि येण्या-जाण्यात काही जात नाही. क्लासला रोज पीएमपीने जाऊन यायचे असेल तर तो वेळ आणि भाडे वजा करून मग मानधनाची तुलना करा. फरक वाटतो तेवढा राहत नाही, असे आढळेल.

आपल्या महाविद्यालयात ही योजना आहे की नाही, असे विचारणारी आणखीही पत्रे आहेत. संलग्न महाविद्यालयांनाही ती राबवता येते. नोटीस लागण्याची वाट न पाहता वर्ष सुरू होताच महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटावे. जागा मर्यादित असतात आणि आर्थिक दृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना प्राधान्य असते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवलेला बरा. जुलैत तहसील कार्यालयातील गर्दी किती असते, हे सांगायला नको.

प्रश्न : कॅम्पसच्या नोकरीवर अमेरिकेत कर भरावा लागतो का? माझ्या पगारातून काहीतरी कापले गेले आहे.

उत्तर : आधी पगारपत्रकात काय कापले ते पाहा. ‘सोशल सिक्युरिटी’ (निवृत्तिवेतनाची योजना) आणि ‘मेडिकेअर’ (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) या दोन नावांखाली मिळून ७.६५ टक्के गेले असतील, तर ते चुकून गेले आहेत. एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षे, कराच्या दृष्टीने तो अनिवासी असेपर्यंत, हे लागू नसते. विद्यापीठाच्या पगार विभागाला लिहून ते परत मागावेत. बहुधा तुमची नोंद परदेशी विद्यार्थी म्हणून झालेली नसते, तेवढी दुरुस्त केली की काम होते.

प्राप्तिकर मात्र लागू आहे, पण भारतीय विद्यार्थ्यांना एक सवलत आहे जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. भारत-अमेरिका करकराराच्या २१ व्या कलमामुळे आपल्याला प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून करमुक्त धरली जाणारी ठरावीक रक्कम, घेता येते. २०२४ या वर्षासाठी ती एकट्या व्यक्तीला १४,६०० डॉलर होती. वर उत्तरात धरलेली साडेसात हजारांची कमाई तिच्या बरीच आत आहे, म्हणजे संघराज्याच्या प्राप्तिकरापोटी कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. राज्याचा कर वेगळा असतो. टेक्सास आणि फ्लोरिडात तो नाही. जानेवारीअखेर विद्यापीठाकडून डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला, येईल, त्यावरून १०४०-एनआर हे अनिवासींचे विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत भरावे. अनिवासींसाठी नसलेले साधे सॉफ्टवेअर वापरून निवासी नागरिकाचा फॉर्म भरण्याची चूक पुष्कळ जण करतात; विद्यापीठ यासाठी वेगळे सॉफ्टवेअर देते का, ते परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारा. ज्याने एक डॉलरही कमावला नाही, त्यालाही ८८४३ हा, आपण विद्यार्थी म्हणून देशात असल्याची माहिती देणारा, फॉर्म पाठवावा लागतो, त्याची मुदत १५ जून असते.